शंकेच्या दिवसांत ख्रिस्ती विश्वास कसा सांभाळावा

आधी शंका एका वाक्यात कागदावर उतरवा. ‘माझा विश्वास डळमळतोय’ असे मोघम लिहून भागत नाही, त्यावर पुढे काही करता येत नाही. ‘येशू खरोखर मेलेल्यांतून उठला का?’, ‘आई बरी व्हावी म्हणून इतकी प्रार्थना केली, ती का ऐकली गेली नाही?’, ‘मंडळीतली (चर्चमधली) माणसेच अशी वागतात, मग हे सगळे खोटेच ना?’ अशी नेमकी वाक्ये हवीत. शेजारी शंका कधीपासून आली तेही लिहा. बरेचदा धागा तिथेच सापडतो: घरातला मृत्यू, लपवलेले पाप, महिनोन्महिने अपुरी झोप.

हा खटाटोप यासाठी की दुःखातून आलेल्या शंकेला युक्तिवाद लागू पडत नाही आणि बुद्धीच्या प्रश्नाला ‘अजून प्रार्थना कर’ हे उत्तर नव्हे. झुडुपाखाली मरण मागत पडलेल्या एलीया संदेष्ट्याला (1 राजे 19) देवदूताने उपदेश केला नाही. दोनदा उठवून खायला-प्यायला दिले, मध्ये झोपू दिले. होरेब डोंगरावर देव त्याच्याशी बोलला ते त्यानंतर. थकवा असेल तर आठवडाभर झोप आणि जेवण सांभाळा, प्रश्न तोवर थांबू शकतो.

बुद्धीच्या प्रश्नांना क्रम लावा. येशूला धरून देणाऱ्या यहूदाच्या मरणाचे वर्णन मत्तय 27:5 आणि प्रेषितांची कृत्ये 1:18 यांत वेगळे का, हा प्रश्न खराच आहे, पण ख्रिस्ती विश्वास त्यावर उभा नाही. तो कशावर उभा आहे हे प्रेषित पौल 1 करिंथ 15:14 मध्ये सांगून टाकतो: ख्रिस्त उठवला गेला नसेल तर विश्वास व्यर्थ. म्हणून सुरुवात तिथूनच करा. त्याच अध्यायातल्या 3 ते 8 वचनांत साक्षीदारांची यादी आहे: केफा (म्हणजे पेत्र), बारा जण, पाचशेहून अधिक बंधू, याकोब, शेवटी पौल स्वतः. मग मत्तय 28, मार्क 16, लूक 24 आणि योहान 20 ही पुनरुत्थानाची चार वर्णने शेजारी ठेवून वाचा. काय जुळते, काय जुळत नाही, ते दोन रकान्यांत मांडा. न जुळणारा रकाना रिकामा राहणार नाही. कबरेकडे गेलेल्या स्त्रियांची नावेच सगळीकडे सारखी नाहीत. विरोधी बाजूचे चांगले लेखनही वाचा. मध्यरात्री मोबाइलवर वादाचे व्हिडिओ बघणे मात्र अभ्यासात धरू नका.

दुःखासाठी विलापस्तोत्रे आहेत. स्तोत्र 13 अवघ्या 6 वचनांचे. पहिली दोन तक्रारीची, त्यांत ‘कोठवर?’ चारदा येते. पुढची दोन मागण्याची. शेवटची दोन भरवशाची. याच साच्यात आपले लिहा. नेहमीची चूक म्हणजे तक्रार गिळून थेट उपकारस्तुतीवर उडी मारणे. अशी प्रार्थना स्वतःलाच खोटी वाटते आणि मग सुटते. भरवशाच्या ओळी येत नसतील तर जागा कोरी ठेवा. स्तोत्र 88 अंधारातच संपते, तरी ते शास्त्रात आहे.

रोजची प्रार्थना 10 मिनिटांवर आणा, पण वेळ ठरलेली असू द्या. काही जाणवले नाही तरी वाढवू नका, मोडूही नका. शब्द नसतील तर प्रभूची प्रार्थना, किंवा आजारी मुलाला येशूकडे आणणाऱ्या बापाचे वाक्य (मार्क 9:24): माझा विश्वास आहे, माझा अविश्वास घालवून टाका. एवढ्या अर्ध्यामुर्ध्या विश्वासावर त्याचा मुलगा बरा झाला.

या काळात मोठे निर्णय नकोत. उदासीच्या काळात आधीचा निश्चय बदलू नये, हा कॅथलिक संत इग्नेशियस लोयोला यांचा 16व्या शतकातला नियम दोन्ही बाजूंनी लागू होतो: मंडळी सोडू नका आणि भीतीपोटी 40 दिवसांच्या उपासाचा नवसही बोलू नका. अपवाद एकच. मंडळीत छळ किंवा शोषण होत असेल तर तिथून निघा; ती जागा सोडणे म्हणजे ख्रिस्ताला सोडणे नव्हे.

येशूचा शिष्य थोमा त्याच्या पुनरुत्थानावर शंका घेऊनही आठ दिवसांनी इतर शिष्यांसोबत त्याच घरात होता (योहान 20:26). तुम्हीही एक माणूस निवडा आणि भेटताच सांगा, ‘आज सल्ला नको, फक्त ऐका.’ लगेच वचने फेकणाऱ्याला दुसऱ्यांदा सांगू नका.

‘माझ्याकडून क्षमा न होणारे पाप घडले का?’ हा एकच विचार दिवसातून वीसदा येत असेल आणि दर वेळी कुणाकडून तरी खात्री करून घ्यावीशी वाटत असेल, तर ते शंकेपेक्षा चिंतेच्या आजाराचे लक्षण असू शकते. दिलासा मागत राहिल्याने तो विचार बळावतो. अशा वेळी पाळकांबरोबर मानसोपचारतज्ज्ञांनाही भेटा.