प्राध्यापक ते खासदार: मधु दंडवत्यांवर प्रोजेक्ट किंवा भाषण करायचंय तर असं करा

१९ डिसेंबर, म्हणजे गोवा मुक्तिदिन, जवळ आला की आपल्या गोव्यातल्या शाळा-कॉलेजांत मुक्तिलढ्यावर भाषणं, प्रोजेक्ट सुरू होतात आणि तीच चार-पाच नावं फिरत राहतात, म्हणून यंदा कोणी मधु दंडवते घेणार असेल तर मला मनापासून आनंद आहे. १९५५ च्या गोवा सत्याग्रहात ते होते, मुंबईत फिजिक्स शिकवायचे, आणि नंतर आपल्या सीमेला लागून असलेल्या तेव्हाच्या राजापूर मतदारसंघातून सलग पाच वेळा लोकसभेत गेले.

पहिल्यांदा एका कागदावर नुसती सालं उतरवा. जन्म २१ जानेवारी १९२४, अहमदनगर. १९४२ चं आंदोलन, मग सिद्धार्थ कॉलेजात प्राध्यापकी. १९७१ ते १९९१ खासदार, १९७७ ते ७९ रेल्वेमंत्री, १९८९-९० अर्थमंत्री, नंतर नियोजन आयोगाचे उपाध्यक्षसुद्धा. निधन १२ नोव्हेंबर २००५. हा कागद फक्त तुमच्यासाठी आहे हां, भाषणात तो वाचून दाखवू नका, पदांची यादी ऐकून कोणाला माणूस कळत नाही. आणि नाथ पै आणि दंडवते यांची गल्लत करू नका, राजापूर आधी नाथ पैंचा मतदारसंघ होता, जानेवारी १९७१ मध्ये ते गेले आणि त्याच वर्षी दंडवते तिथून निवडून आले. नाथ पै बॅरिस्टर, दंडवते प्राध्यापक.

आता खरं काम. शिक्षकातून खासदार झालेल्या माणसावर लिहिताना एकच प्रश्न धरून ठेवायचा, वर्गातलं काय काय त्याच्याबरोबर संसदेत गेलं? सिद्धार्थ कॉलेज बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीचं, तिथे गरीब घरातली, नोकरी करून शिकणारी पोरं यायची. अशा पोरांना वर्षानुवर्षं शिकवलेला माणूस रेल्वेमंत्री झाल्यावर काय करतो बघा. तेव्हा सेकंड क्लासच्या थ्री टियरला नुसती लाकडी फळी असायची, रात्रभर पाठ मोडायची, त्यांनी त्यावर दोन इंच फोम घालायला लावला. पहिल्या वर्गाची सोय काढून घेतली नाही, दुसऱ्या वर्गाला वर आणलं. १९७४ च्या संपात ज्या रेल्वे कामगारांच्या नोकऱ्या गेल्या होत्या त्यांना परत कामावर घेतलं. माझ्या मते त्या कॉलेजातल्या वर्गापासून या डब्यापर्यंत सरळ एक रेघ जाते, आणि तुमचं अख्खं भाषण त्या रेघेवर उभं राहू शकतं.

हे सगळं पडताळायचं कुठे? लोकसभेच्या डिजिटल लायब्ररीत जुन्या चर्चा स्कॅन करून ठेवल्यात, फुकट आहेत. नुसतं नाव टाकून शोधलं तर ढीगभर निघतं, म्हणून आधी लोकसभेचा नंबर निवडा, ते पाचवी ते नववी या पाच लोकसभांत होते. रेल्वे बजेटची भाषणं पाहिजेत तर सहावी. तिथे त्यांचं नाव ‘प्रो. मधु दंडवते’ असंच छापलेलं दिसतं, मंत्री नसताना पुढे कंसात राजापूर. एक भाषण तरी पूर्ण वाचा, उतारे नकोत. मराठी वर्तमानपत्रांच्या जुन्या फायलींसाठी पणजीला पाटोवरच्या कृष्णदास शामा लायब्ररीत जा, काउंटरवर तारीख किंवा निदान महिना सांगता आला पाहिजे, म्हणून तो सालांचा कागद बरोबर न्या.

आणीबाणीचा भाग दोन-तीन वाक्यांत आटपा पण गाळू नका. जून १९७५ मध्ये ते संसदीय समितीच्या कामासाठी वाजपेयी, अडवाणींबरोबर बंगळूरला होते, तिथेच अटक झाली. ते बंगळूरच्या तुरुंगात, त्यांच्या पत्नी प्रमिलाताई येरवड्यात, दोघांमध्ये पत्रं चालायची. प्रमिलाताई पुढे १९८० मध्ये स्वतः खासदार झाल्या, हे बरेच जण विसरतात आणि मला ते अजिबात आवडत नाही.

गोव्यातल्या ऐकणाऱ्यांसाठी कोकण रेल्वेला मात्र भरपूर वेळ द्या. कोकणात गाडी आली पाहिजे हे त्यांनी लोकसभेत वर्षानुवर्षं लावून धरलं, आणि जुलै १९९० मध्ये कोकण रेल्वे महामंडळ झालं तेव्हा रेल्वे जॉर्ज फर्नांडिसांकडे आणि तिजोरी दंडवत्यांकडे. भांडवलात गोव्याचा वाटा ६ टक्के, महाराष्ट्राचा २२. सगळा मार्ग जानेवारी १९९८ मध्ये सुरू झाला. आपल्याकडे मार्ग कुठून न्यायचा यावरून मोठं आंदोलन झालं होतं, तेही लिहा, लपवू नका, त्यावेळच्या लोकांचे मुद्दे खरे होते. पेडणे, थिवी, करमळी, मडगाव अशी स्टेशनं घेत बोललात तर पोरं कान देऊन ऐकतील.

शेवटी घरातल्या किंवा वाड्यावरच्या म्हाताऱ्या माणसांना विचारा, पण ‘दंडवते कसे होते’ असं नको, त्यावर ‘चांगले होते’ एवढंच मिळतं. रेल्वे यायच्या आधी मुंबईला कसे जायचात, एसटीला किती तास लागायचे, बोटीने गेलात का, पहिल्यांदा गाडीत कधी बसलात, असं विचारा. बोलतील ते त्यांच्याच शब्दांत लिहून घ्या, रेकॉर्ड करायचं तर आधी परवानगी घ्या, आणि सालं त्यांच्या आठवणीवर न सोडता फायलीतून तपासा. भाषण पाच मिनिटांचं असेल तर तीन मिनिटं रेल्वेला, उरलेल्या दोनात सत्याग्रह, कॉलेज आणि आणीबाणीची ती दोन-तीन वाक्यं.