ज्येष्ठ मित्रांची निधीसाठी सायकलफेरी: या चुका टाळा

दहा-बारा मित्र, वय पंचावन्न ते सत्तर, पाच-सहा दिवसांची सायकलफेरी आणि एखाद्या कामासाठी निधी. असा बेत बहुधा तिसऱ्या दिवशी अडखळतो. बिघडलेला मात्र असतो पहिल्याच दिवशी, नाहीतर घर सोडण्याआधी.

देणगी किलोमीटरवर मोजणे

सगळ्यात महाग पडणाऱ्या या चुकीचा सायकलशी संबंधच नाही. ‘दर किलोमीटरमागे इतके’ असे ठरले की ज्याने थांबायला हवे तोही पॅडल मारत राहतो, कारण आपल्यामुळे रक्कम घटेल याची त्याला लाज वाटते. देणगी एकरकमी मागा आणि ‘अंतर कमी झाले तरी रक्कम तीच’ हे आवाहनातच लिहा. पैसे थेट संस्थेच्या खात्यात जाऊ द्या. जेवण-मुक्कामाचा खर्च सदस्यांनी आपल्या खिशातून करावा. तो निधीतूनच भागणार असेल तर देणगीदाराला आधी सांगा. मागाहून कळले तर हिशेब चोख असूनही शंका उरते.

सर्वांत दमदार गड्याच्या पायांनी अंतर ठरवणे

अंतर ठरते ते सर्वांत मागे राहणाऱ्यावरून. तो एका दिवसात आरामात ८० किलोमीटर जात असेल, तर सलग पाच दिवसांसाठी ५५-६० धरा. चालत्या सायकलचा वेग ताशी १६ असला तर ८० किलोमीटरला ५ तास लागतात हे खरे; पण दहाजणांच्या गटात एकाचे पंक्चर म्हणजे सगळ्यांची २० मिनिटे, आणि चहा, लघवी, फोटो यांची भर वेगळीच. प्रत्यक्षात साडेसात तास धरून चला. नकाशावर किलोमीटरबरोबर एकूण चढाईचे मीटरही बघा.

सरावात एकच मोठी फेरी मारून उपयोग नाही. लागोपाठ दोन दिवस, ठरलेल्या रोजच्या अंतराच्या किमान तीन चतुर्थांश इतके चालवा. दुखणी दुसऱ्या दिवशी उजेडात येतात. शेवटच्या आठवड्यात सराव निम्म्यावर आणा.

निघताना नवीन सामान

नवी सीट, नवे बूट, नवे हँडल: यातले काहीही शेवटच्या तीन आठवड्यांत बदलू नका. विशेषतः मऊ जेलची जाड सीट. बसायला गादी वाटते, पण बसण्याची हाडे तिच्यात रुततात आणि दाब मधल्या नाजूक भागावर येतो. पॅडेड शॉर्ट्सखाली अंतर्वस्त्र घातले की त्याची शिवण कातडी सोलते. तिसऱ्या दिवशीच्या फोडांमागे बहुतेकदा हेच असते. किमान दोन शॉर्ट्स ठेवा, मुक्कामी पोहोचताच बदला, रोज धुवा. दर १०-१५ मिनिटांनी काही क्षण उभ्याने पॅडल मारा.

चेन झिजली असेल तर महिनाभर आधी बदला. जुन्या कॅसेटवर (मागच्या चाकाच्या दातेरी चकत्यांवर) नवी चेन घसरत असेल, तर ते चढावर नाही, घराजवळ कळलेले बरे. मापायला सोपे: १२ पूर्ण कड्या (आतली-बाहेरची जोडी मिळून एक) नव्या चेनमध्ये ३०४.८ मिलिमीटर भरतात, ३०६.३ म्हणजे अर्धा टक्का झीज. ११-१२ स्पीडच्या (मागे तितक्या चकत्या असलेल्या) चेनला तिथेच निरोप द्या.

दुखणे कुठे, दोष कुठे

गुडघा पुढून दुखत असेल तर सीट बहुधा खाली आहे, मागून दुखत असेल तर वर. टाच पॅडलवर ठेवून पॅडल सर्वांत खाली नेले की पाय जेमतेम सरळ व्हावा. बदल एका वेळी ३-४ मिलिमीटरच. करंगळी आणि अनामिका बधिर होत असतील तर तळहाताच्या कडेवर भार येतोय. सीटचे नाक पुढे झुकले आहे का, हे आधी पाहा.

दुहेरी किंवा प्रोग्रेसिव्ह चष्म्यातून मान न झुकवता खाली रस्त्याकडे पाहिले की वाचनाची काच मध्ये येते आणि समोरचा खड्डा धूसर दिसतो. फक्त दूरचे दिसणारा वेगळा चष्मा करून घ्या.

औषधांबद्दल गप्प राहणे

मित्रांत गुडघ्यावर तासभर चर्चा होते, पण कुणाला कोणत्या गोळ्या चालू आहेत हे कुणाला ठाऊक नसते. औषधे, मात्रा, अ‍ॅलर्जी आणि घरचा क्रमांक लिहिलेले कार्ड प्रत्येकाच्या सीटखालच्या पिशवीत हवे. गोळ्या दोन वेगळ्या बॅगांत विभागा.

बीटा ब्लॉकर (हृदयाची गती मंदावणारे औषध) घेणाऱ्याची नाडी फारशी वाढत नाही, त्यामुळे घड्याळातले नाडीवरून श्रम मोजणारे झोन त्याला फसवतात. चढावर पूर्ण वाक्य बोलता येते का, ही कसोटी धरा. वयानुसार तहान उशिरा जाणवते. उन्हात तासाला अर्धा ते पाऊण लिटर पाणी, मिठासह. नुसते पाणी ढोसत राहिल्यास रक्तातले सोडियम उतरते. हृदय किंवा मूत्रपिंडाचा त्रास असलेल्यांनी हे प्रमाण डॉक्टरांकडून ठरवून घ्यावे.

आयबुप्रोफेन या वेदनाशामकाची गोळी ‘खबरदारी म्हणून’ रोज सकाळी घेणे ही वाईट सवय आहे. घामाने आटलेले शरीर, लघवी वाढवणारे औषध, ‘प्रिल’ किंवा ‘सार्टन’ने संपणारी रक्तदाबाची गोळी, आणि वर ही: मूत्रपिंडाला इजा होऊ शकते. मधुमेहींची साखर ७० च्या खाली गेली तर १५ ग्रॅम ग्लुकोज आणि १५ मिनिटांनी पुन्हा तपासणी. इन्सुलिन घेणाऱ्यांची साखर रात्री झोपेतही उतरू शकते. रक्त पातळ करणारे औषध चालू असलेल्याच्या डोक्याला मार लागला, तर तो हसत उठला तरी रुग्णालयात न्या.

छातीत दाब, डाव्या हातात किंवा जबड्यात कळ, अकारण घाम यांतले काहीही दिसले तर त्याची फेरी तिथेच थांबवा आणि तातडीची मदत बोलवा.

रस्त्यावर

सोबतची गाडी मागे रांगत ठेवू नका. ती वाहतूक अडवते आणि मागून येणाऱ्यांना चिडवते. तिने १५-२० किलोमीटर पुढे जाऊन थांबावे. प्रत्येक वळणावर मागचा दिसेपर्यंत पुढच्याने उभे राहायचे, आणि सर्वांत शेवटी पंप, ट्यूब, हत्यारे असलेला जाणता माणूस. ई-सायकलवाल्याला चढावर पुढे सोडू नका, त्याच्या नादाने बाकीचे दमून जातात. विमानाने जायचे असेल तर ई-सायकलची बॅटरी सोबत नेता येत नाही. प्रवासी विमानात १६० वॅट-अवरची मर्यादा आहे आणि ई-सायकलची बॅटरी साधारण ४००-५०० ची असते.

पंक्चर झाल्यावर टायरच्या आतून बोट सावकाश फिरवा; काटा राहिला तर नवी ट्यूबही जाते. शेजारी-शेजारी दोन छिद्रे म्हणजे हवा कमी होती. छिद्र रिमच्या (चाकाच्या धातूच्या कड्याच्या) बाजूला असेल तर त्यावरची रिम टेप बहुधा सरकली आहे.

समारोपाची वेळ

शेवटच्या दिवशी दुपारी बाराचा सत्कार ठरला की सगळे वेग वाढवतात, पाण्याचे थांबे गाळतात. हारतुरे आणि धनादेशाचा कार्यक्रम संध्याकाळी ठेवा, जमल्यास दुसऱ्या दिवशी सकाळी. कुणी गाडीत बसून आला असेल तर त्यालाही व्यासपीठावर तीच खुर्ची.