क्रिएटिन आणि कॅन्सर: या चुका टाळा

मसल्ससाठी जिमवाले घेतात त्या क्रिएटिन पावडरने कॅन्सर वाढतो का असं सर्च केलं की एक लिंक म्हणते वाढतो, दुसरी म्हणते उलट आटोक्यात राहतो, आणि मग जो तो आपल्याला हवी ती लिंक उचलतो. पहिली चूक इथेच.

दोन्ही रिसर्च खरे आहेत, फक्त उंदरांवरचे आहेत. 2019 मध्ये कॅलिफोर्नियातल्या एका टीमला दिसलं की ट्यूमरवर तुटून पडणाऱ्या टी-सेल्सना (इम्युनिटीच्या पेशींना) एनर्जीसाठी क्रिएटिन लागतं आणि ते दिलं की उंदरांतले ट्यूमर हळू वाढतात. 2021 मध्ये दुसऱ्या एका टीमने आतड्याचा आणि ब्रेस्टचा कॅन्सर असलेल्या उंदरांना क्रिएटिन दिलं तर तो दुसऱ्या अवयवांत जास्त पसरला. कॅन्सरच्या पेशीला आणि तिच्याशी लढणाऱ्या पेशीला, दोघींनाही ते वापरता येतं म्हटल्यावर असं होणारच ना! यावरून धडधाकट माणसाने रोज 3-5 ग्रॅम घेतलं की कॅन्सर होतो असं काही सिद्ध होत नाही, तसा माणसांतला भक्कम पुरावा नाहीच, आणि तसंही रोज साधारण 1 ग्रॅम क्रिएटिन आपलं शरीर स्वतःच बनवतं.

पण ज्याला कॅन्सर आहे किंवा होऊन गेलाय त्याने "टी-सेल्स वाढतील" म्हणून स्वतःच्या मनाने डबा उघडू नये. आधी ऑन्कॉलॉजिस्टला विचारा.

आता सगळ्यात जास्त घोळ होतो तो ब्लड रिपोर्टमध्ये. क्रिएटिन घेतल्यावर क्रिएटिनिन (क्रिएटिनपासून बनणारा टाकाऊ पदार्थ, त्याच्यावरून किडनीचं काम मोजतात) थोडं वर जाऊ शकतं, किडनी ठणठणीत असली तरी, आणि डॉक्टरांना सप्लिमेंटचं सांगितलेलंच नसेल तर त्यांना किडनी बिघडली असंच वाटणार. केमोत हे जास्त महागात पडतं, कारण कार्बोप्लॅटिनसारख्या औषधाचा डोस किडनी किती काम करते यावरून काढतात आणि तो हिशोब बऱ्याचदा क्रिएटिनिनवरच होतो, म्हणजे आकडा फसवा असेल तर डोस गरजेपेक्षा कमी बसू शकतो. रिपोर्ट वर आला तर काय घेताय ते आधी सांगा, डॉक्टर म्हणाले तर बंद करून पुन्हा टेस्ट करा, सिस्टॅटिन सी (किडनी तपासायची दुसरी ब्लड टेस्ट) करायची का तेही विचारा. फक्त "अहो ते क्रिएटिनमुळेच असेल" म्हणून रिपोर्ट बाजूला टाकू नका, किडनी खरंच बिघडलेली असू शकते.

आणि एक, पावडरमध्ये क्रिएटिनच आहे हे गृहीत धरू नका. मसल्स झटपट वाढवणाऱ्या काही प्रॉडक्ट्समध्ये लेबलवर न लिहिता स्टेरॉइड्स मिसळलेली सापडली आहेत, आणि अ‍ॅनाबॉलिक स्टेरॉइड्स डब्ल्यूएचओच्या कॅन्सर संस्थेच्या यादीत 2ए गटात, म्हणजे माणसाला कॅन्सर होण्याची दाट शक्यता असलेल्या गोष्टींत आहेत. त्यामुळे बाहेरच्या लॅबने तपासलेला, फक्त क्रिएटिन मोनोहायड्रेट असलेला डबाच घ्या, "सीक्रेट ब्लेंड" वगैरे लिहिलेला नको.