वाड्यावर आरोग्य गट कसा चालवावा

गोव्यातल्या कुठल्याही वाड्यावर, म्हणजे गावातल्या वस्तीवर, आरोग्य शिबिर भरवणे सोपे आहे. मांडव, खुर्च्या, एखादा पाहुणा, भाषण, आणि शेवटी मिरची भजी व गोडमिट्ट चहा. दुसऱ्या दिवसापासून सगळे आपापल्या जुन्या वाटेला. मला शिबिरांचा कंटाळा आहे. पंधरा-वीस शेजाऱ्यांचा गट वर्षभर चालावा आणि त्यातून प्रत्येकाला निदान एक सवय लागावी, एवढ्यापुरतेच मी सांगणार आहे.

गरज आहे का, असे विचारणारा एक जण बैठकीत असतोच. त्याच्यासाठी एकच आकडा पुरे. 2023 साली प्रसिद्ध झालेल्या, भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या आयसीएमआर-इंडियाब पाहणीत देशातल्या प्रौढांमध्ये मधुमेहाचे प्रमाण 11.4 टक्के निघाले, आणि गोव्यात 26.4 टक्के. सगळ्या राज्यांत आपला पहिला नंबर. वाद घालू नका, त्याला माप घ्यायला बोलवा.

जागा, वार, महिना

नवा वार शोधू नका. बायका स्वयंसहाय्य गटाच्या हप्त्यासाठी जमतातच, पुरुष भजनाच्या सरावाला जमतात. त्याला जोडून अर्धा तास घ्या. वाड्यावर ख्रिस्ती घरे असतील तर देवळाच्या सभामंडपापेक्षा शाळेचा वर्ग किंवा पंचायतीची खोली बरी, नाहीतर ती घरे येणार नाहीत आणि तोंडावर तसे सांगणारही नाहीत. सुरुवात दसऱ्यानंतर करा. पाऊस ओसरलेला असतो, मे महिन्यापर्यंत चालायला रस्ता कोरडा मिळतो. एक जानेवारीचे संकल्प मला सांगू नका.

पहिले माप

जवळच्या आरोग्य केंद्रातल्या नर्सबाईंना आधी भेटून वेळ ठरवा. रक्तदाब, उपाशीपोटी साखर आणि कमरेचा घेर, एवढे पुरते. रक्तदाब मोजण्याआधी माणूस पाच मिनिटे पाठ टेकून गप्प बसलेला हवा, हात हृदयाच्या पातळीवर, आणि आधीच्या अर्ध्या तासात चहा-तंबाखू नाही. गप्पा मारत मोजलेला आकडा कागदावर लिहूच नका. कमरेचा घेर पुरुषांत 90 सेंटिमीटरच्या वर आणि बायकांत 80 च्या वर असेल तर लक्ष द्यायला हवे.

रक्तदाब पुन्हा मोजूनही 140/90 किंवा वर, अथवा उपाशीपोटी साखर 126 किंवा वर आली, तर त्या माणसाला गटाच्या भरवशावर ठेवू नका, डॉक्टरकडे पाठवा. जे आधीच इन्सुलिन किंवा साखरेच्या गोळ्या घेतात त्यांनी जेवण कमी करण्याआधी किंवा वेळ बदलण्याआधी डॉक्टरांना विचारलेच पाहिजे. औषध तेवढेच आणि जेवण अर्धे झाले की साखर एकदम खाली जाते, घाम सुटतो, हात थरथरतात.

आकडे मोठ्याने वाचायचे नाहीत. वजन घटवण्याची स्पर्धा तर अजिबात नको. ती जो हरतो तो पुन्हा येत नाही, आणि गटाची गरज नेमकी त्यालाच जास्त असते.

सवय ठरवण्याची बैठक

सगळे गट इथेच बुडतात. मलाही याच बैठकीने बरेच दमवले आहे, म्हणून इथे जरा सविस्तर सांगते.

लोक उत्साहाने येतात आणि म्हणतात, "मी रोज चालेन", "मी गोड सोडेन", "मी भात कमी करेन". सगळे टाळ्या वाजवतात. ही वाक्ये वहीत लिहून घेणाऱ्या संयोजकाला मी उठवून बाहेर पाठवीन. यातले एकही वाक्य सवय नाही. प्रत्येकाला समोर बसवून विचारावे लागते, आणि थोडा वाईटपणा घेऊन विचारावे लागते. ते साधारण असे चालते:

"मी रोज चालेन."

"कधी, काकी?"

"संध्याकाळी. कामे उरकली की."

कामे कधी उरकत नाहीत. म्हणून पुढचा प्रश्न: संध्याकाळी तुमच्या घरी न चुकता काय घडते? काकी विचार करते. सून कामावरून येते, पण कधी सहाला, कधी आठला. टीव्हीवर मालिका लागते, पण रविवारी नसते. मग आठवते, पोदेर, म्हणजे पाववाला, येतो. सायकलचा भोंगा वाजतो, ती फाटकापर्यंत जाते, चार पाव घेते, परत येते. झाले, सवय टांगायला खुंटी सापडली. वाक्य असे लिहायचे: "पाव घरात ठेवला की लगेच चप्पल घालून वडापर्यंत जाऊन येईन." वडापर्यंतच. तळ्यापर्यंत, देवळापर्यंत, आठवड्याची 150 मिनिटे हे सगळे पुढे. जागतिक आरोग्य संघटनेने प्रौढांसाठी आठवड्याला निदान 150 मिनिटे मध्यम व्यायाम सांगितला आहे, तो योग्यच आहे, पण पहिल्या बैठकीत तो आकडा फळ्यावर लिहिलात तर अर्धा वर्ग मनातल्या मनात घरी गेलेला असतो.

खुंटी रोजची, ठरलेली आणि दुसऱ्याने घडवलेली असेल तर उत्तम. पोदेराचा भोंगा, देवळातली आरती, चर्चची संध्याकाळची घंटा, मुलाची शाळेची बस. "सकाळी उठल्यावर" ही खुंटी दिसते बरी, पण उठल्यावर माणूस एका वेळी सहा गोष्टी करत असतो.

दुसरे, "नाही" असलेले वाक्य घेऊ नका. "गोड खाणार नाही" याला हातपाय नाहीत. त्या जागी काय करणार ते हवे. आपल्याकडे बहुतेक घरांत चहाच्या टोपातच साखर पडते, मग मागाहून कोणी कमी करायचे म्हटले तरी करता येत नाही. तेव्हा वाक्य असे: "चहा बिनसाखरेचा उकळेन, साखर ज्याची त्याने कपात घ्यायची." एका घरात चार जणांची सवय एका टोपात बदलते.

यातूनच माझा सर्वांत ठाम नियम निघतो. ताट वाढणारी व्यक्ती गटात नसेल, तर त्या घरातल्या कोणालाही खाण्याची सवय देऊ नका. भजनाच्या गटातले दादा बैठकीत भात अर्धा करण्याची शपथ घेतात आणि घरी वैनी नेहमीसारखा डोंगर वाढतात, कारण त्यांना कोणी सांगितलेलेच नसते. अशा दादांना चालण्याची सवय द्या. वैनी गटात आल्या की मग ताटाकडे वळा: आधी भाजी वाढायची, मग मासे आणि कडी, भात शेवटी. शीत-कडी, म्हणजे भात-कालवण, सोडा असे गोव्यात सांगणाऱ्याला कोणी विचारत नाही, आणि विचारू नयेच. पोय, म्हणजे कोंडा लावलेला गोव्याचा पाव, खातो म्हणून निश्चिंत असणाऱ्यांनाही टोका. वर कोंडा भुरभुरलेली प्रत्येक पोय अख्ख्या गव्हाच्या पिठाचीच असते असे नाही.

तिसरे, एका माणसाला एकच सवय. तीन मागणारे भेटतात, बहुधा निवृत्त. हात जोडून दोन परत करा.

"एकवीस दिवसांत सवय लागते" हे गटात कोणीतरी फॉरवर्ड करणारच. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजच्या संशोधकांनी 96 जणांना अशीच एकेक सवय ठरलेल्या खुंटीला बांधायला देऊन माग ठेवला होता. 2009 मध्ये आलेल्या त्या निष्कर्षात सवय अंगवळणी पडायला सरासरी 66 दिवस लागले, कोणाला 18, तर कोणाला हिशेबाने 254. व्यायामाच्या सवयीला पाणी पिण्यापेक्षा जास्त वेळ लागला. आणि कामाची गोष्ट ही की एखादा दिवस चुकल्याने फारसे बिघडले नाही. एकविसाव्या दिवशी "मला जमत नाही" म्हणून गळणाऱ्यांना हे आठवड्याला एकदा ऐकवा.

वही

साधी वही, नाव आणि आठवड्याचे सात चौकोन. केले तर बरोबरची खूण, नाहीतर रिकामे. फुली मारू नका. तीन घरांची एक साखळी करा, चुकलेल्याला त्यातल्याच एकाने विचारायचे, संयोजकाने नाही. व्हॉट्सअॅप गट काढलात तर तो फक्त वेळ आणि जागा कळवण्यासाठी ठेवा. गुलाबाची फुले आणि लिंबूपाण्याचे चमत्कार पहिल्याच दिवशी बंद करा.

पाऊस आणि चतुर्थी

जूनमध्ये चालणे थांबते. रस्त्यावर शेवाळ, संध्याकाळी वीज गेलेली. इथे लोक योगाचे व्हिडिओ दाखवतात, ते दोन दिवस चालतात. बायकांच्या गटाला फुगडीचा सराव लावा. चतुर्थीला ती खेळायचीच असते, जागा ओसरीएवढी पुरते, आणि पंधरा मिनिटांत धाप लागते ती खरी. गुडघे दुखणाऱ्यांनी मधल्या वर्तुळात न जाता कडेला उभे राहून टाळ्या आणि पावले धरावीत. पुरुषांनी शाळेच्या व्हरांड्यात फेऱ्या माराव्यात, दुसरा उपाय मला सापडलेला नाही.

त्याच दिवसांत दुसरी भानगड मिठाची. 1 जून ते 31 जुलै ट्रॉलरना मासेमारी बंद, ताजे मासे महाग, मग खारे बांगडे, सुक्या सुंगटांची (कोळंबीची) किसमूर, म्हणजे कोशिंबीर, आणि लोणची. दिवसाला सगळे धरून पाच ग्रॅमपेक्षा कमी मीठ असावे असे सांगितले जाते, म्हणजे सपाट चहाचा चमचा. सुके मासे भिजवून ते पाणी फेकायचे आणि त्या दिवशी कडीत मीठ चाखूनच घालायचे. कमी सोडियमचे मीठ कोणी सुचवले तर मूत्रपिंडाचा त्रास असलेल्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नये, त्यात पोटॅशियम असते.

चतुर्थीच्या दिवसांत वही बंद. नेवऱ्या आणि पातोळ्या खाऊ द्या, कोणाला अपराधी वाटू देऊ नका. मात्र विसर्जनानंतरच्या पहिल्या सोमवारी बैठक आधीच ठरवून ठेवा आणि ती पुढे ढकलू नका. बैठक एक आठवडा पुढे गेली की गट दिवाळीपर्यंत पुन्हा जमत नाही.

पुन्हा माप

रक्तदाब आणि कमर तीन महिन्यांनी. मधुमेह असलेल्यांनी एचबीएवनसी तपासणीही तीन महिन्यांआधी करून उपयोग नाही, कारण ती रक्तातल्या साखरेची मागच्या दोन-तीन महिन्यांची सरासरी दाखवते. कोणाचा आकडा हलला नसेल पण वहीत खुणा भरलेल्या असतील, तर त्याची सवय बदलू नका, थोडी वाढवा: वडापासून पुढे तळ्यापर्यंत. खुणाच नसतील तर खुंटी चुकली आहे, नवी शोधा. आणि या बैठकीत वही दुसऱ्याच्या हाती द्या, शक्य तर जो सर्वांत जास्त चुकला त्याच्या.