माझी ४६ 'पिल्लं', जी पिल्लं नव्हतीच

जुलैत नागपूरच्या अंबाझरी तलावाच्या काठावर रात्री बॅटरी घेऊन ओणवी बसले होते, तर तिथल्या चौकीदार काकांनी विचारलं, "ताई, काय हरपलं का?" म्हटलं, रातकिडे पकडून राहिले काका. तर म्हणे, "ते तर आमच्या घरी फुकट आहेत, पोतं भरून न्या."

पकडणं हा प्रॉब्लेम नव्हताच. पावसाळ्यात ओलं गवत आणि पालापाचोळा असला की ग्राउंड क्रिकेट, म्हणजे जमिनीवर राहणारे लहान जातीचे रातकिडे, मिळतातच. प्लास्टिकचा ग्लास काठापर्यंत जमिनीत पुरायचा, तळाला भांड्याच्या साबणाचं पाणी, सकाळी गाळायचं, झालं. लेबल पेन्सिलने लिहून व्हायलच्या, म्हणजे नमुना ठेवायच्या छोट्या बाटलीच्या, आत टाका, पेनाची शाई अल्कोहोलमध्ये धुऊन जाते. आणि जिवंत किडा मागच्या पायाला धरून उचलू नका, पाय तुमच्या हातात आणि किडा गवतात.

माझी वाट लागली ती लॅबमध्ये. ग्लासात दोन प्रकार यायचे, एक मोठा काळा, पंखांच्या मुळाशी दोन पिवळे ठिपके, म्हणजे ग्रिलस बायमॅक्युलेटस, आणि दुसरे बारके, सात-आठ एमएमचे, तपकिरी, केसाळ. मी ठरवूनच टाकलं की बारके म्हणजे मोठ्याची पिल्लं. ४६ व्हायलमध्ये 'ग्रिलस, निम्फ' (निम्फ म्हणजे पिल्लू) अशी लेबलं टाकली. माझ्या संशोधनाच्या गाईडने सही केली, खोकं न उघडता. मार्चमध्ये एका 'पिल्लाच्या' मागे सुईसारखी लांब, सरळ अंडी घालायची नळी दिसली आणि पोटात गोळा आला. सगळे अ‍ॅडल्ट होते. ग्राउंड क्रिकेट बहुतेक सव्वा सेंटीमीटरच्या आतच असतात, त्याहून मोठे व्हायचेच नसतात ते.

म्हणून साइज आधी बघूच नका, पंख बघा. निम्फच्या शेवटच्या अवस्थांमध्ये पंखांच्या कळ्या उलट्या असतात, मागच्या पंखाची कळी वर आणि पुढच्याची तिच्याखाली. अ‍ॅडल्टमध्ये पुढचा पंख वर. आखूड पंख म्हणजे वाढ अर्धवट असंही नाही, या गटात एकाच जातीत लांब पंखांचे आणि आखूड पंखांचे दोन्ही सापडतात, माझ्याकडचे आखूडवाले होते. परत सांगते, वर कोणता पंख आहे ते बघा. आणि नर असेल तर पुढच्या पंखाखाली कानशीसारखी दातेरी शीर असते, त्यावर दुसरा पंख घासून किरकिर निघते. निम्फ गातच नाही. आवाजाच्या मागे जाऊन पकडलेला किडा निम्फ असूच शकत नाही, आणि मी बावळट दोन महिने आवाजाच्याच मागे फिरत होते.

अ‍ॅडल्ट हे पक्कं झालं की पुढचं खरंच एवढं अवघड नाही, घाबरू नका. मागच्या पायाच्या टिबियावरचे, म्हणजे गुडघ्याखालच्या भागावरचे, काटे सुईने हलकेच ढकला. ग्रिलसचे जाड आणि पक्के बसलेले, ग्राउंड क्रिकेटचे लांब, केसाळ आणि मुळाशी हलणारे. ओल्या नमुन्यावरच करा, वाळला की मोडतो. मग टार्ससचा, म्हणजे पावलाचा, दुसरा तुकडा, छोटा आणि बाजूंनी दबलेला असेल तर नेमोबीनी, म्हणजे ग्राउंड क्रिकेटचं उपकुल, पत्त्यातल्या बदामासारखा पसरट असेल तर त्यांचे भाऊबंद ट्रायगोनिडीनी.

कुलाचा घोळ वेगळाच. जुन्या पुस्तकांत नेमोबीनी हे ग्रिलिडी कुलात दिसेल, २०१६ च्या डीएनएवरच्या कामानंतर ते ट्रायगोनिडीडीत धरतात. व्हायवात, म्हणजे तोंडी परीक्षेत, जुनं सांगितलं तर एक्सटर्नल तोंड वाकडं करतो, नवं सांगितलं तर कधीकधी इंटर्नल. दोन्ही सांगून मोकळे व्हा.

फोटो टाकून नाव सांगणारं अ‍ॅप वापरायचं तर वापरा बाप्पा, पण ते नाव लेबलवर लिहू नका, फोटोत काट्याचं मूळ दिसत नाही. मला विचाराल तर मोठ्या नावाच्या गाईडपेक्षा मायक्रोस्कोपवर मान मोडून बसलेला सिनियर शंभर पटीने बरा.

आणि चुकलं म्हणून नमुने फेकू नका. माझे अल्कोहोलमध्ये होते म्हणून वाचले, सगळे परत बघितले. ३१ डायॅनेमोबियस फॅसिपेस या जातीचे ग्राउंड क्रिकेट निघाले, नावातच 'पट्टेवाले पाय' आहे आणि पायांवर खरंच पट्टे होते, रोज डोळ्यांसमोर. उरलेल्या १५ वर अजून 'टेरोनेमोबियस?' (ग्राउंड क्रिकेटमधलंच दुसरं नाव) लिहिलंय, प्रश्नचिन्हासकट, पेन्सिलने.