पासवर्ड बंद करण्याआधी किल्ली चालवून बघा

नवीन सर्व्हर हाती आला की मी पहिल्याच दिवशी पासवर्डचं लॉगिन बंद करते. एसएसएच म्हणजे दूरच्या सर्व्हरवर सुरक्षितपणे लॉगिन करायची पद्धत; तिचा २२ नंबरचा पोर्ट इंटरनेटला उघडा असेल तर लॉगमध्ये 'रूट' आणि 'अ‍ॅडमिन'च्या नावाने फसलेल्या प्रयत्नांची रांग लागलेली दिसते. तातू युलोनेन यांनी १९९५ मध्ये एसएसएच लिहिलं, ते हेलसिंकी तंत्रज्ञान विद्यापीठाच्या नेटवर्कवर पासवर्ड चोरले गेल्यानंतर. वाटेतली चोरी त्याने थांबली, पण सोपा पासवर्ड आजही अंदाजाने सापडतोच.

म्हणून पासवर्डऐवजी किल्ली वापरायची. किल्ल्यांची जोडी (एक खासगी, एक सार्वजनिक) आपल्याच मशीनवर बनवा: कमांड एसएसएच-कीजेन, प्रकार ईडी२५५१९. पासफ्रेज, म्हणजे खासगी किल्लीचा स्वतःचा पासवर्ड, विचारल्यावर नुसतं एंटर दाबू नका, लॅपटॉप चोरीला गेला तर खासगी किल्लीला तेवढाच आडोसा असतो. पासफ्रेज सारखी टाइप करायला नको म्हणून उघडलेली किल्ली लक्षात ठेवणारा एसएसएच-एजंट आहे.

सर्व्हरवर फक्त 'डॉट पब' फाइल, म्हणजे सार्वजनिक किल्ली, जाते, आणि ते काम एसएसएच-कॉपी-आयडी करतं. पहिल्यांदा जोडताना सर्व्हरचा फिंगरप्रिंट, म्हणजे त्याच्या ओळखीचा छोटा कोड, दिसेल. तो सर्व्हरच्या कन्सोलवरच्याशी ताडून मगच 'येस' लिहा.

एवढं करूनही पासवर्ड विचारला जातोय? माझी एक अख्खी संध्याकाळ यात गेली. किल्ली बरोबर होती, पण होम डिरेक्टरीत ग्रुपलाही लिहिण्याची परवानगी होती. अशा वेळी सर्व्हर किल्ली नाकारतो आणि कारण आपल्याला न सांगता स्वतःच्या लॉगमध्ये लिहून ठेवतो, म्हणून आधी तिथे बघा. होमवरची ती परवानगी काढा, 'डॉट एसएसएच' फोल्डरला ७०० आणि आतल्या 'ऑथोराइज्ड कीज' फाइलला ६०० परवानगी द्या, म्हणजे दोन्ही फक्त मालकालाच उघडता येतील.

किल्लीने आत जाता आलं, की मगच सर्व्हरवर चालणाऱ्या एसएसएचडी प्रोग्रॅमच्या 'एसएसएचडी कॉन्फिग' या सेटिंग-फाइलमध्ये 'पासवर्ड ऑथेंटिकेशन' आणि 'केबीडी इंटरॅक्टिव्ह ऑथेंटिकेशन' दोन्ही 'नो' करा. दुसरं बऱ्याच जणांकडून राहून जातं आणि पासवर्ड मागच्या दाराने चालू राहतो. एसएसएचडीला लहान 'टी' देऊन फाइलमधली चूक तपासा, मोठा 'टी' देऊन प्रत्यक्षात लागू होणारी सेटिंग बघा. एकच सेटिंग दोनदा असेल तर आधी वाचलेली लागू होते, त्यामुळे 'एसएसएचडी कॉन्फिग डॉट डी' या जोड-फोल्डरमधली एखादी फाइल तुमचा 'नो' निकामी करू शकते.

आता सर्व्हिस रीलोड करा, पण चालू असलेली खिडकी कृपा करून बंद करू नका. काही बिघडलंच तर दुरुस्तीला तीच उरते. दुसऱ्या खिडकीतून किल्लीने लॉगिन करून पाहा. मग तिसऱ्यांदा, आपल्या मशीनवरच्या एसएसएच कमांडमध्ये 'पबकी ऑथेंटिकेशन'ला (किल्लीने लॉगिन) मुद्दाम 'नो' देऊन. पासवर्ड न विचारता थेट 'परमिशन डिनाइड' आलं, की जुनी खिडकी बंद करा.