ॲपमधले ट्युटोरियल: बटणाची जागा नको, नाव धरा

डेस्कटॉप ॲपमध्ये 'इथे क्लिक करा' असे दाखवणारे ट्युटोरियल लिहिताना बाण कधीही स्क्रीनवरच्या मोजमापावर टेकवू नका. फॉन्ट मोठा केला, थीम बदलली, मराठी भाषांतर लावले की बटण सरकते आणि बाण हवेत लोंबकळतो. बटणावरचा मजकूरही खूण म्हणून चालत नाही. भाषांतरात तोच आधी बदलतो. क्यूटी या ॲप बनवण्याच्या साधनसंचात प्रत्येक विजेटला (बटण, यादी असा खिडकीतला घटक) ऑब्जेक्टनेम, म्हणजे कोडमधले अंतर्गत नाव, देता येते, ते द्या आणि फाइंडचाइल्ड या फंक्शनने शोधा. विजेट सापडले नाही, तर ती पायरी गुपचूप ओलांडून पुढे जा.

बाण आणि सूचना स्वतंत्र खिडकीत नको, मुख्य खिडकीच्या आतच रंगवा. वेलँड या लिनक्सवरच्या खिडक्या दाखवणाऱ्या व्यवस्थेत साध्या ॲपला आपली खिडकी स्क्रीनवर नेमकी कुठे आहे हे कळतच नाही, त्यामुळे वेगळी खिडकी जागेवर बसवणे अवघड जाते.

'पुढे' बटण शक्यतो टाळाच. लोक न वाचता ते दाबत सुटतात. त्याऐवजी खरी कृती झाल्याचा सिग्नल (ॲपच्या आतून कोडला मिळणारी वर्दी) ऐका: उदाहरणार्थ, चित्राच्या ॲपमध्ये नवा थर (लेयर) जोडला गेला, की पुढची पायरी. सराव मात्र नमुना फाइलच्या प्रतीवर. विम या मजकूर-संपादकाचा शिकवणी प्रोग्राम विमट्यूटर हेच करतो; मूळ धड्याची प्रत उघडतो, मग वाटेल तेवढी मोडतोड करा.

पायऱ्यांचा मजकूर कोडबाहेर ठेवून गेटटेक्स्टसारख्या नेहमीच्या भाषांतर व्यवस्थेत घाला, म्हणजे कोड न लिहिणाऱ्यांनाही धडे सुधारता येतील. आणि एस्केप दाबल्यावर सगळे बंद झालेच पाहिजे.